एप्रिल २०२५ मध्ये जपानी टीव्हीवर जे नवीन सुरू झालंय त्यातलं एकच काहीतरी सांगा, एन४ ची (जपानी भाषेच्या परीक्षेतली एक पातळी) तयारी करतेय

पौडरोडवाली:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात असते, दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी जपानीचा क्लास. डिसेंबरला एन५ (सगळ्यात सोपी पातळी) झाली, आता ६ जुलैला एन४ आहे आणि कांजी (चिनी वळणाची अक्षरं) वगैरे ठीक चाललंय पण ऐकण्याचा पेपर म्हणजे पोटात गोळाच येतो, रेकॉर्डिंग एकदाच लावतात, एक शब्द हुकला की पुढची तीन वाक्यं निघून जातात. आमच्या सेन्सेई (शिक्षिका) म्हणाल्या की वसंतातला नवीन सीझन सुरू झालाय, त्यातली एक मालिका धर आणि दर आठवड्याला बघत जा. आता एक म्हणजे कुठली?? यादी उघडली तर नवीन अ‍ॅनिमेच (जपानी कार्टून मालिका) डझनावारी, शिवाय माणसांच्या मालिका वेगळ्या. गेल्या आठवड्यात पाच मालिकांचे पहिले भाग बघितले आणि एकाचंही धड काही डोक्यात राहिलं नाही. मला रोजच्या बोलण्यातलं जपानी हवंय, मारामारीतलं नको. आणि सगळ्या मालिका एप्रिललाच का सुरू होतात हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

नागोयातली_आई:
अगं आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. इथे शाळा, ऑफिस, सरकारी वर्ष सगळं १ एप्रिलला सुरू होतं, आपल्या पाडव्यासारखंच नवीन वर्षाचं वातावरण असतं आणि त्यात साकुरा (चेरीचा मोहर) फुललेला. टीव्हीचं वर्ष चार तुकड्यांत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका तुकड्याला 'कूर' म्हणतात, साधारण १२-१३ भाग, तीन महिन्यात खेळ खलास. आपल्याकडच्यासारखं चार चार वर्षं ओढत नाहीत.

पण मला मनापासून सांगायचंय ते 'आसादोरा'बद्दल, म्हणजे एनएचके या जपानी सार्वजनिक टीव्हीची सकाळची मालिका. ही पद्धत १९६१ पासून चालू आहे, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ वाजता फक्त १५ मिनिटं, एक मालिका सहा महिने. वसंतातली टोकियोवाले करतात आणि शरदातली ओसाकावाले. नवऱ्याचा डबा भरता भरता मी नऊ वर्षं हेच बघत आलेय आणि माझं अर्धं जपानी तिथूनच आलंय. या वर्षीची (२०२५) नवीन 'आन्पान' ३१ मार्चला सुरू झाली, बरोब्बर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी! आन्पानमान हे कार्टून काढणारे यानासे ताकाशी आणि त्यांची बायको नोबू यांच्यावरून घेतलेली गोष्ट आहे. खऱ्या आयुष्यात ते दोघं दुसरं महायुद्ध संपल्यावर कोची या प्रांतातल्या वर्तमानपत्रात नोकरीला असताना भेटले, मालिकेत मात्र त्यांना लहानपणापासूनचे मित्र केलंय.

माझ्या लेकाला पाळणाघरात घातलं तेव्हा त्याला मराठी येत होतं आणि जपानी शून्य, त्याच्या तोंडून निघालेला पहिला जपानी शब्द आन्पानमान होता. ज्याचं डोकंच गोड पावाचं आहे आणि भुकेलेलं कुणी दिसलं की जो स्वतःच्या डोक्याचा तुकडा तोडून खायला देतो असा हिरो. मला आधी ते विचित्र वाटायचं. मग वाचलं की यानासेंना सैनिक म्हणून चीनला पाठवलं होतं, तिथे भूक काय असते ते त्यांनी बघितलं, धाकटा भाऊ नौदलात होता तो परत आलाच नाही. युद्धात ज्याला न्याय म्हणायचे तो हरल्यावर एका दिवसात उलटा झाला, मग कधीच उलटा न होणारा न्याय कुठला, तर उपाशी माणसाला खायला देणं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे कळल्यापासून ते कार्टून लागलं की मी पण लेकाशेजारी बसते.

आणि एक गंमत, जपानी 'पान' आणि आपला 'पाव' दोन्ही पोर्तुगिजांकडूनच आलेत, शब्द एकच. आन म्हणजे आझुकीचं (लाल चवळीसारखं कडधान्य) गोड वाटण, पुरणासारखंच. टोकियोतल्या गिन्झा भागातल्या किमुराया या दुकानाने १८७४ मध्ये पहिल्यांदा तो पाव केला.

कोल्हापुरी_ओताकू:
ताईंचं सगळं पटलं पण आसादोरा पुण्यात बसून बघणार कशी ती? एनएचकेचं अ‍ॅप जपानबाहेर चालत नाही आणि थेट बघायची म्हटली तरी तिकडचे सकाळचे ८ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. म्हणून अ‍ॅनिमेच बघ असं माझं मत, फक्त नीट निवड. ह्या सीझनला सगळीकडे गंडम या यंत्रमानवांच्या युद्धावरच्या नवीन मालिकेची चर्चा आहे, मी स्वतः दर मंगळवारी रात्री नऊला वाट बघत बसतो (तिकडच्या जाहिरातीत वेळ २४:२९ अशी लिहितात, म्हणजे मध्यरात्र उलटून २९ मिनिटं, रात्रीच्या कार्यक्रमांना ते २४, २५ वाजले असंच लिहितात हे पण शिकून ठेव) पण तुला ती सांगणार नाही कारण त्यात १९७९ च्या मूळ मालिकेचे धागे आहेत आणि शब्द सगळे युद्धाचे आणि यंत्रांचे.

तू 'अपोकॅलिप्स हॉटेल' बघ. कुठल्या मांगावरून (जपानी चित्रकथा) घेतलेली नाही, सरळ टीव्हीसाठीच लिहिलेली नवीन गोष्ट. माणसं पृथ्वी सोडून गेलीत, टोकियोत गिन्झामध्ये एक हॉटेल आहे आणि तिथले रोबो शंभर वर्षं रोज झाडलोट करून, चादरी बदलून गिऱ्हाइकाची वाट बघतायत. याचियो नावाची रोबो हॉटेल सांभाळते. पहिला भाग बघून मी दहा मिनिटं गप्प बसलो होतो. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे सगळे हॉटेलचे कर्मचारी आहेत, त्यामुळे बोलणं सावकाश, स्पष्ट आणि अदबीचं. क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या साइटवर आहे.

पौडरोडवाली:
दोघांचे खूप आभार!! ताई, लेकाचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण एक शंका, आन्पान कोचीत घडते ना, तिथली बोली वेगळी आहे असं ऐकलं. पुढेमागे बघायला मिळाली तरी माझ्यासारखीला कळेल का? आणि हॉटेलमधली अदबीची भाषा एन४ ला असते का?

ठाण्याचे_सेन्सेई:
मी बारा वर्षं शिकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोचीची बोली म्हणजे तोसा-बेन, पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा मालवणी ऐकल्यावर जसं होतं तसं होईल. नायिकेला 'हाचिकिन' म्हणतात, म्हणजे तिथल्या बोलीत खमकी, कुणाला न ऐकणारी बाई, हा शब्द क्लासच्या पुस्तकात सापडायचा नाही. परीक्षेसाठी म्हणून आन्पान धरू नकोस, हे माझं नागोयाच्या ताईंपेक्षा वेगळं मत आहे.

पण त्या बोलीत आपल्या मराठी लोकांना आवडेल अशी एक गोष्ट आहे. प्रमाण जपानीत 'युकी गा फुत्ते इरु' म्हटलं की बर्फ आत्ता पडतंय की पडून साचलंय हे संदर्भावरून ओळखावं लागतं. तोसावाले दोन वेगळी रूपं वापरतात, 'फुरियू' म्हणजे पडतंय आणि 'फुत्चू' म्हणजे पडलंय. आपणही 'पडतंय' आणि 'पडलंय' वेगळंच म्हणतो की नाही! माझ्या वर्गात 'ते इरु' शिकवताना मुलं हमखास अडकतात, तेव्हा मी हेच उदाहरण देतो आणि चेहरे उजळतात.

हॉटेलच्या भाषेबद्दल, केइगोची, म्हणजे अदबीच्या भाषेची, नुसती तोंडओळख एन४ ला असते, खरा जोर पुढच्या पातळ्यांना. 'काशिकोमारिमाशिता' ('जी, समजलं') सारखे शब्द तू परीक्षेत लिहिणार नाहीस पण जपानी कंपनीत गेलीस तर पहिल्या दिवशी लागतील. उलट अ‍ॅनिमेतली पोरं जे 'ओरे', 'ओमाए' (रांगडं 'मी', 'तू') करतात ते शिकून ऑफिसात साहेबाला बोललीस तर तो काही म्हणणार नाही, पण मनात नोंद करेल. त्यामुळे हॉटेल चालेल, आणि त्याच्या जोडीला 'विच वॉच' घे, शाळेतल्या मुलांची गोष्ट, साधी वाक्यं. रविवारी संध्याकाळी ५ ला लागते तिकडे, म्हणजे घरातली लहान मुलं पण बघतील अशी वेळ. कोट्या खूप आहेत, त्या सोडून द्यायच्या.

बघायची कशी हे जास्त महत्त्वाचं. एक भाग सबटायटल लावून गोष्टीसाठी बघ. दुसऱ्या दिवशी त्यातली फक्त चार मिनिटं घे, सबटायटल बंद, मध्ये थांबवायचं नाही कारण परीक्षेत थांबवता येत नाही. कानाला पडलं ते मराठीत लिही, चुकीचं असलं तरी लिही. मग सबटायटल लावून ताडून बघ. आठवड्याला चार मिनिटं नीट ऐकलेली बारा भाग नुसते बघण्यापेक्षा बरी.

नागोयातली_आई:
सेन्सेई, बरोबर आहे तुमचं, मी इथे राहते म्हणून कान तयार झालाय हे विसरले मी. परीक्षा झाली की मात्र आन्पान मिळेल तिथून बघच गं.

पौडरोडवाली:
काल रात्री हॉटेलचा पहिला भाग बघितला आणि आज सकाळी बसमध्ये चार मिनिटं सबटायटल बंद करून ऐकली. अकरा शब्द लिहिले, ताडून बघितलं तर सात बरोबर निघाले. एक मात्र लागत नाहीये, याचियो बोलताना सारखं 'ओरिमासु' म्हणते, आम्हाला 'इमासु' शिकवलंय. हे तेच का?

ठाण्याचे_सेन्सेई:
तेच. 'इमासु'चंच नम्र रूप, स्वतःबद्दल किंवा आपल्या हॉटेलबद्दल गिऱ्हाइकाशी बोलताना वापरतात. गिऱ्हाइक 'आहेत' म्हणायचं असेल तर तिथे 'इराश्शाइमासु' येतं. दुसऱ्या भागात दोन्ही कुठे कुठे येतात ते लिहून काढ आणि इथे टाक, मी तपासून देतो.