रूपकुंडाच्या कवट्या ‘भयाण ठिकाणांच्या’ यादीत कशाला?

घाटवाट:
मागच्या आठवड्यात इथे ‘जगातली भयाण ठिकाणं, मरण्याआधी एकदा तरी जा’ अशी यादी आली होती. चेर्नोबिलशेजारचं ओसाड प्रिप्यात, पॅरिसच्या जमिनीखालची कॅटाकोम्ब म्हणजे हाडांनी भरलेली भुयारं, मेक्सिकोतलं बाहुल्यांचं बेट, तुर्कमेनिस्तानातलं दरवाझाचं जळतं विवर, आणि मधेच आपलं रूपकुंड, उत्तराखंडच्या हिमालयातलं माणसांच्या हाडांचं तळं. त्याच्याखाली लिहिलं होतं की पाण्यातून कवट्या तुमच्याकडे बघतात, एखादी हातात घेऊन फोटो काढायला विसरू नका. खाली पन्नासेक लोकांनी ‘यंदा नक्की’ म्हणून नाव नोंदवलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय, म्हणून वेगळा धागा काढते.

मी २०१३ मध्ये गेले होते. तळ्याच्या अलीकडच्या भगुवाबासाच्या मुक्कामाहून पहाटे निघालो, पायाखाली कडक बर्फ, बोटं बधिर. वर पोचलो तर एका सपाट दगडावर कवट्या ओळीने मांडलेल्या, मांडीची हाडं बाजूला रचलेली. ती तशी पडलेली नव्हती. आमच्याआधी आलेल्या कोणीतरी फोटोसाठी मांडून ठेवली होती. आमच्यातल्या एकाने एका कवटीला स्वतःचा गॉगल घातला. सगळे हसले. त्या फोटोत मागे मीही उभी आहे, आणि मीही हसतेय.

ते लोक तिथे मेलेत. कोणाची तरी आई असेल त्यात, कोणाचा तरी मुलगा. शंभर-दोनशे वर्षं झाली की माणूस प्रेक्षणीय स्थळ होतो का? माझं म्हणणं एवढंच आहे की रूपकुंड अशा यादीत घालू नका, आणि हाडं बघायची म्हणून तिथे जाऊ नका.

गारठा:
ताई, भावना समजली, पण असहमत. २०११ ते २०१८ मी दरवर्षी रूपकुंडला ट्रेकर्सच्या बॅचेस नेल्या. दहातले आठ जण हाडांसाठीच यायचे, हे खरंय. पण परत जाताना तेच लोक बेदिनी बुग्यालबद्दल, म्हणजे वाटेतल्या उंचावरच्या गवताळ कुरणाबद्दल बोलायचे, त्रिशूळ शिखरावरच्या पहिल्या उन्हाबद्दल बोलायचे. भीती हे फक्त दार आहे हो. माणूस कशासाठी का होईना, घराबाहेर पडला, हिमालयात आला, हे वाईट आहे का?

आणि दुसरी बाजू कोणीच लिहीत नाही. वाण आणि लोहाजंग या पायथ्याच्या गावांतल्या घराघरांत खेचरं होती, स्वयंपाकी होते, सामान वाहणारी पोरं होती. ती ‘भयाण’ यादी वाचून आलेल्यांच्या पैशावर तिथल्या चुली पेटत होत्या.

ढाकोबा:
घाटवाट यांना शंभर टक्के पाठिंबा. पण हिमालयापर्यंत जायची गरजच नाही. रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रात्री स्पीकर. मागच्या डिसेंबरात मी पहाटे सूर्योदय बघायला उठलो, तर कड्यावर कोणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं आणि थर्माकोलचे गोळे दरीत उडत होते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि रोजच्या पर्यटकांना दोनशेची मर्यादा घातली. उत्तम केलं. तोच नियम आपल्या गडांना लावा.

गारठा:
ढाकोबा, त्या आदेशाने काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. रूपकुंड एका दिवसात होत नाही. वाणहून निघून बेदिनी, पाथर नचौनी, भगुवाबासा असे मुक्काम करत, हवेची सवय करत जावं लागतं. मुक्काम बंद म्हणजे वाटच बंद. सुमारे पाच हजार मीटरवर धावत जाऊन धावत यायचं म्हणता का? माझ्याबरोबर सात वर्षं काम केलेला वाणचा एक मुलगा आता डेहराडूनला हॉटेलात भांडी घासतो. तुमच्या गडावरचा केक आणि त्याची भाकरी एका तराजूत घालू नका.

ढाकोबा:
आणि बुग्यालची माती? गवताची ती गादी तयार व्हायला किती काळ लागतो? तंबूच्या चरांनी, खेचरांच्या खुरांनी ती फाटली की पहिल्याच पावसात वाहून जाते. न्यायालयात ‘आली-बेदिनी-बगजी बुग्याल वाचवा’ म्हणून कोण गेलं होतं? तिथलीच संरक्षण समिती. शहरातला कोणी नव्हे. तेव्हा ‘स्थानिकांचं पोट’ हे कार्ड काढू नका.

गारठा:
कार्ड?? मी त्या घरांत जेवलोय. तुम्ही गेलायत का कधी?

मोजपट्टी:
जरा थांबा दोघेही. मूळ यादीत आणि त्याखालच्या प्रतिसादांत जी माहिती फिरतेय ती आधी दुरुस्त करू. एकाने ‘अलेक्झांडरचे सैनिक’ लिहिलंय, दुसऱ्याने डोग्रा सेनापती जोरावरसिंगाची १८४१ ची तिबेट मोहीम. दोन्ही चूक.

२०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे लोक त्यात होते, आणि आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठीही. ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडातले, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले, आणि तेही एकाच वेळी मेलेले नाहीत. १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य समुद्राकडचा, आजच्या क्रीट-ग्रीसच्या लोकांशी सर्वांत जवळचा, आणि ते मेले १८०० च्या आसपास. म्हणजे अलेक्झांडरनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी. उरलेला एक आग्नेय आशियातला, तोही त्याच सुमाराचा. बायका आहेत, पुरुष आहेत, त्यामुळे सैन्याची कथा टिकत नाही. साथीच्या रोगाचे जंतूही सापडले नाहीत. गारांच्या माऱ्याची कथा सगळ्यांना आवडते, पण न भरलेल्या जखमा मोजक्याच कवट्यांवर आहेत. तेवढ्यावरून सगळे गारांनी मेले असं म्हणता येत नाही.

हाडांना हात लावू नये याचं खरं कारणही इथेच आहे. दरड आणि ट्रेकर यांनी सगळा सांगाडा-सांगाडा विस्कटून टाकलाय, कोण कुठे पडलं होतं हे आता कळत नाही. गॉगल घालून फोटो काढणाऱ्याने एक पुरावा नष्ट केला.

घाटवाट:
मोजपट्टी, माहितीबद्दल आभार, पण ‘पुरावा’ हा शब्दही मला तितकाच टोचला. आधी प्रेक्षणीय, मग पुरावा. माणूस कधी?

व्ल्तवाकाठी:
मी प्रागला राहतो. इथून तासाभरावर कुत्ना होरा गावाशेजारी सेडलेकचं हाडांचं चर्च आहे, तेही असल्या प्रत्येक यादीत असतं. चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं. १८७० मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याने त्यांची झुंबरं केली, तोरणं केली, मालक श्वार्झेनबर्ग घराण्याचं चिन्हसुद्धा हाडांतच केलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पोटात ढवळलं. नंतर कळलं की तेराव्या शतकात एका मठाधिपतीने जेरुसलेमहून गोल्गोथाची माती आणून इथे टाकली, म्हणून लोकांना इथेच पुरून घ्यायचं होतं. मग प्लेग आला, पंधराव्या शतकातली हुसाइट धर्मयुद्धं झाली, जागा संपली.

मला वाटतं मृतांकडे बघणं हाच अपमान असं नाही. पालेर्मोच्या कॅपुचिन तळघरात तर लोकांनी आपणहून, पैसे देऊन आपली प्रेतं भिंतीवर उभी करून घेतली. का? घरच्यांनी येऊन बघावं म्हणून. आपल्याकडे प्रेत जाळून टाकतात, त्यामुळे हाड दिसलं की एकतर भूत आठवतं नाहीतर सेल्फी.

एक मात्र सांगतो. सेडलेकमध्ये लोकांनी कवट्यांना टोप्या घातल्या, हाडं हलवली, आणि २०२० पासून परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी आली. तरी गर्दी कमी झालेली मला दिसत नाही. बघा, पण हात लावू नका आणि फोटो काढू नका, एवढा नियम पुरेसा नाही का?

घाटवाट:
सेडलेकमध्ये त्यांच्याच माणसांनी त्यांना ठेवलं, पालेर्मोत त्यांनी स्वतः सांगितलं. रूपकुंडात कोणी कोणाला ठेवलेलं नाही. ते वाटेत मेले. फोटोबंदीचं पटलं, ते घेते. बाकी तुलना पटली नाही.

सुलभामावशी:
मी सहसा वाचतेच फक्त. आज लिहिते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही पुण्यात नदीकाठच्या पेठेत राहायचो. माझा धाकटा मामा दुकानातल्या वह्या वर ठेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. आजोबा दोन महिने रोज नदीच्या कडेने चालत जायचे. कुठे काही सापडलं असं कळलं की जायचे, बघायचे, परत यायचे. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी केला. आजीने त्या पुतळ्याला मामाचा सदरा घातला होता. तो जळताना तिने मला जवळ ओढून माझं तोंड पदरात झाकलं.

त्या तळ्याकाठच्या माणसांचीही कोणीतरी अशीच वाट बघितली असेल. असले किती पुतळे कुठल्या कुठल्या गावांत जाळले असतील! आणि खरी हाडं इथे, लोकांच्या हातात. त्यांना अग्नी द्या नाहीतर माती द्या, पण झाकून टाका.

मोजपट्टी:
मावशी, तुमच्या मामांचं वाचून वाईट वाटलं. पण विधी कोणता करणार? २३ जण वेगळ्या शतकांतले, १४ जण दुसऱ्याच मुलखातले, त्यांचा धर्म कोण ठरवणार? आणि जाळलं की ते चौदा जण तिथे कसे पोचले हे शोधायची शक्यता कायमची संपेल.

सुलभामावशी:
मंत्र कोणते ते नंतर बघा. झाकायला कुठला धर्म लागतो?

मोजपट्टी:
बरं. झाकायला हरकत नाही. जाळायला आहे. जिथे आहेत तिथेच दगडांखाली ठेवले तर अभ्यासालाही बाधा येत नाही. इतकं मान्य.

गारठा:
मलाही हे मान्य आहे. फक्त वाणच्या लोकांना विचारून करा. त्यांच्यासाठी ते भयाण ठिकाण कधीच नव्हतं. नंदादेवी राजजात ही देवीची यात्रा तिथूनच होमकुंडाकडे जाते, बारा वर्षांनी, पुढे चार शिंगांचा मेंढा. मागची २०१४ ला झाली. त्यांची गोष्ट अशी की कनौजचा राजा जसधवल गरोदर राणीला आणि नाचणाऱ्या बायकांना घेऊन देवीच्या वाटेवर आला, आणि देवी कोपली. पाथर नचौनीला तर नाचणाऱ्या जमिनीत गडप झाल्या म्हणतात. ते लोक तिथे गाणी म्हणत जातात. भीतीचा बाजार आम्ही बाहेरच्यांनी मांडला, हे कबूल करतो.

घाटवाट:
‘आम्ही बाहेरच्यांनी’ नको, ‘आम्ही बॅच नेणाऱ्यांनी’ म्हणा. आमच्या वेळी लीडरने कोणालाही अडवलं नाही. तुम्ही सात वर्षांत कितीजणांना अडवलंत?

गारठा:
बॅच नेणारे सगळे चोर, हेच म्हणायचंय ना? मी अठरा-अठरा तास जागून लोकांना खाली उतरवलंय, एकाला उंचीमुळे डोक्यात पाणी होऊन मरता मरता वाचवलंय. खुर्चीत बसून हिशोब मागू नका.

ढाकोबा:
उत्तर आलं नाही.

गारठा:
(दुसऱ्या दिवशी लिहितोय.)

अडवलं. तोंडाने, प्रत्येक वेळी. पण २०१५ मध्ये लोहाजंगला परतल्यावर एकाने सॅकमधून मोज्यात गुंडाळलेलं बोटाएवढं हाड काढून सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीची गाडी होती. परत वर जायचं म्हणजे चार दिवस. मी त्याला रागावलो आणि गप्प बसलो. ते हाड पुण्यात आलं.

घाटवाट:
ते अजून त्याच्याकडे आहे का?

गारठा:
काल रात्री फोन केला. आहे. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात, इतर ट्रेकच्या पदकांशेजारी. द्यायला तयार आहे. म्हणाला, बायकोला पहिल्यापासून ते घरात नको होतं.

सुलभामावशी:
आणा. आज आणा.

मोजपट्टी:
पोस्टाने वगैरे कुठे पाठवू नका, आणि परस्पर नदीतही सोडू नका. आधी कागदावर लिहून घ्या: कधी, तळ्याच्या कुठल्या बाजूने उचललं, त्याला आठवेल तेवढं सगळं. मग चमोलीच्या, म्हणजे रूपकुंडाच्या जिल्ह्याच्या वनविभागाला पत्र. मी मसुदा करून देतो.

गारठा:
शनिवारी संध्याकाळी घ्यायला जातोय. कशात ठेवू ते सांगा. प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला मन होत नाही.

सुलभामावशी:
धुतलेलं पांढरं सुती कापड असेल घरात. नसेल तर माझ्याकडून घेऊन जा, मी कोथरूडलाच राहते.