जळगावात बँकेच्या लिलावातलं घर घ्यावं का?

प्रश्न: पिंप्राळ्यात सरफेसी कायद्याखाली (कर्ज थकलं की बँक कोर्टात न जाता तारण घर विकू शकते, तो कायदा) लिलावाला निघालेलं घर पाहिलं. अंगणात कडुनिंब, आईला फार आवडलं. पण दारावर नोटीस आणि आत दोरीवर ओले कपडे! काय तपासू?

उत्तर १: भाऊ, ओले कपडे म्हणजे आत माणसं आहेत. बँकेचा ताबा सांकेतिक (फक्त कागदावर) की प्रत्यक्ष (घर खरंच हातात), ते नोटिशीत वाचा. मी भुसावळला हे न बघता घेतलं. भाडेकरू निघेपर्यंत दीड वर्ष गेलं, बायकोच्या बांगड्या गहाण राहिल्या.

उत्तर २: दुय्यम निबंधकाकडे ३० वर्षांचा सर्च (घराच्या जुन्या खरेदी-विक्री, गहाणाच्या नोंदींचा शोध) काढा. घरपट्टी, वीजबिलाची थकबाकीही विचारा. विक्री ‘जसे आहे तसे’ असते.

उत्तर ३: बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बाकी साधारण १५ दिवसांत. चुकलात तर भरलेले जप्त. गृहकर्जाचं आधी बोला.

प्रश्नकर्ता: उद्या आधी शेजारी जाऊन विचारतो.