दोन लाख पाउंड आठवड्याला, मोसमात चार गोल: पैसे वसूल झाले की नाही हे मोजायचं कसं?

कॉलेजरोड_रेड

नाशिकच्या आमच्या टर्फ ग्रुपमध्ये खेळाडूंच्या पगारावरून वाद पेटलाय. एक गट म्हणतो, पगार भागिले गोल केलं की दूध का दूध होतं. उदाहरण अँटनीचं. मँचेस्टर युनायटेडनं २०२२ मध्ये त्याला सुमारे ८२ मिलियन पाउंडांना घेतलं, पगार आठवड्याला दोन लाख पाउंड म्हणतात आणि पहिल्या मोसमात लीगमध्ये गोल चार. दुसरा गट म्हणतो, असं मोजलं तर एकही डिफेंडर परवडणार नाही.

माझे प्रश्न: वेबसाइटवर दिसणारे पगाराचे आकडे खरे असतात का? क्लबला खेळाडू वर्षाला नक्की कितीला पडतो? फ्लॉप ठरलेल्याला लगेच का विकत नाहीत? आणि जो गोल मारतच नाही, त्याचा खेळ कशावर जोखायचा? ‘पैसा बोलतो’ टाइप उत्तरं नकोत, हिशोब मांडून सांगा.

ताळेबंद_वाचक

आधी आकड्यांचं. प्रीमियर लीगमधला कुठलाही क्लब एकेका खेळाडूचा पगार जाहीर करत नाही. वेबसाइटवर असतो तो बातम्यांवरून बांधलेला अंदाज. अमेरिकेत मात्र एमएलएस या तिथल्या लीगच्या खेळाडूंची संघटनाच यादी छापते, म्हणून मेस्सीचे इंटर मायामीतले २०२४ चे २ कोटी ४ लाख डॉलर आपल्याला खात्रीनं माहीत आहेत. दोन लाख पाउंडांचा आकडा त्या तोडीचा नाही. फार तर ‘साधारण एवढा असावा’ म्हणून वापरा.

दुसरी गफलत करातली. इंग्लंडमध्ये पगार सांगतात आठवड्याचा आणि कर कापण्याआधीचा. या पातळीवर ४५ टक्के आयकर आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) जातो, म्हणजे शंभरातले साधारण ५३ हातात येतात. इटलीतले पेपर वर्षाचा आणि हातात पडणारा आकडा छापतात. तिथे ‘पाच मिलियन युरो’ वाचलंत, तर करसवलत नसलेल्या खेळाडूसाठी क्लबचा खर्च नऊच्या आसपास जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की वाद कधीच मिटणार नाही.

आता क्लबला पडणारी किंमत. आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग उभी करताना अँगल, तारा, ठिबक, खुंटरोपं हा खर्च पहिल्याच वर्षी होतो, पण बाग पुढे कितीतरी वर्षं फळ देते. छाटणी-फवारणीचा खर्च मात्र दरवर्षीचा वेगळा. ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू घेताना आधीच्या क्लबला दिलेली रक्कम, हा तो मांडव आणि पगार म्हणजे छाटणी-फवारणी. हिशोबात फी कराराच्या वर्षांवर समान वाटतात.

अँटनीचा करार पाच वर्षांचा. ८२ भागिले ५ म्हणजे वर्षाला १६.४ मिलियन. अंदाजी पगार २ लाख गुणिले ५२, म्हणजे १०.४ मिलियन. बेरीज २६.८ मिलियन पाउंड. पाउंड ११५ रुपये धरला तर वर्षाला ३०० कोटींच्या वर. शिवाय मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स आहे, तो एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला. तुमचा पहिला गट फक्त पगार धरतो, म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च विसरतो.

लगेच का विकत नाहीत, तेही यातच आहे. एका वर्षानंतर अँटनी क्लबच्या हिशोबाच्या वहीत ६५.६ मिलियनचा (८२ वजा १६.४) उरतो. त्या वेळी ३० मिलियनला विकला असता तर ३५.६ मिलियनचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागला असता, आणि लीगचा तेव्हाचा नियम तीन वर्षांत १०५ मिलियनपेक्षा जास्त तोटा चालवून घेत नव्हता. या नियमापायी २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले आणि मग आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ४ गेले. म्हणून क्लब खेळाडू लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबला, देतात आणि वहीतली किंमत उतरायची वाट बघतात. अँटनी जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या बेटिस क्लबला लोनवर गेला आणि त्याच वर्षी तिथेच विकला गेला. तोवर वहीत ३२.८ मिलियन उरले होते.

याची उलटी बाजू मला जास्त खुपते. क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून आलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे तो विकला की सगळी रक्कम नफा. स्कॉट मॅकटॉमिनेला २०२४ मध्ये युनायटेडनं सुमारे २५ मिलियनला नापोलीला दिलं, त्यामागे हे गणित होतंच. पहिल्याच मोसमात त्यानं लीगमध्ये १२ गोल केले, नापोली चॅम्पियन झाली आणि सेरी आ या इटलीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मँचेस्टरमध्ये ज्याला ‘भरतीचा खेळाडू’ म्हणायचे तो हा. हिशोबाचे नियम घरच्याच पोरांना आधी बाहेर काढायला लावतात, आणि हे चूक आहे असं मी ठामपणे म्हणेन.

सिडको_सहा_नंबर

पैशाचं वरती आलंच आहे, मी खेळाचं सांगतो.

पगार भागिले गोल हे गणित एका नावावर कोसळतं: एन्गोलो कान्ते. २०१५-१६ ला लेस्टरकडून चॅम्पियन, २०१६-१७ ला चेल्सीकडून चॅम्पियन, आणि दोन्ही मोसमांत लीगमध्ये एकेकच गोल. तुमच्या पहिल्या गटाच्या हिशोबानं हा जगातला सगळ्यात महागडा खेळाडू ठरेल.

फॉरवर्डचे गोल मोजायचे तरी मिनिटांवर मोजा. गोल भागिले मिनिटं गुणिले ९०. २७०० मिनिटांत १० गोल म्हणजे ०.३३, आणि १२०० मिनिटांत ६ गोल म्हणजे ०.४५. नुसती गोलांची यादी पाहिली तर पहिला भारी वाटतो, पण दर मॅचला दुसरा पुढे आहे. मात्र किमान ९०० मिनिटं झाल्याशिवाय हा आकडा काढू नका. त्याच्या आत एखादी हॅटट्रिक सगळं चित्र फिरवते.

मग पेनल्टी बाजूला काढा. पेनल्टीचा एक्सजी (अपेक्षित गोल, म्हणजे तो शॉट आत जाण्याची शक्यता) साधारण ०.७८, म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर आत जाणारच असं गृहीत धरतात. कोल पामरनं २०२३-२४ मध्ये लीगमध्ये २२ गोल केले, त्यात ९ पेनल्टी. ओपन प्ले आणि फ्री किक धरून उरले १३. तरीही मोसम जबरदस्तच, पण २२ वाल्याचा पगार ठरवताना क्लबचे लोक १३ बघतात. नऊच्या नऊ पेनल्टी आत घातल्या याचं कौतुक वेगळं: अपेक्षा सातची होती, म्हणजे दोन गोल जास्तीचे.

डिफेन्सिव्ह मिडफिल्डरसाठी आकडे कमी पडतात, तो डोळ्यांनी बघावा लागतो. पुढच्या मॅचला दहा मिनिटं बॉल बघू नका, फक्त सहा नंबरवर, म्हणजे याच डिफेन्सिव्ह मिडफिल्डरवर, नजर ठेवा. पास यायच्या आधीच्या दोन सेकंदांत तो मान वळवून मागे किती वेळा बघतो? बॉल घेताना अंग अर्धं वळलेलं असतं की समोरच्या गोलकडे पाठ असते? पाठ असेल तर पुढचा पास मागेच जाणार, आणि सगळी टीम एक पायरी मंदावते. आपल्या कॉर्नरला तो कुठे थांबतो हेही बघा. चांगला सहा नंबर समोरच्यांच्या वर उभ्या राहिलेल्या स्ट्रायकरच्या अंगाला लागून उभा असतो. क्लिअर झालेला बॉल तिथेच येतो आणि काउंटर तिथेच मरतो. या कामाचा रीलसुद्धा निघत नाही.

त्याची किंमत तो नसताना कळते. मँचेस्टर सिटीचा सहा नंबर रॉड्री, त्याचा गुडघा सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध गेला. आदल्या मोसमात ९१ गुणांनी चॅम्पियन झालेली सिटी त्या मोसमात ७१ गुणांवर तिसरी आली. सगळं खापर एका दुखापतीवर फोडता येणार नाही, टीमचं वयही वाढलं होतं. पण मधली जागा उघडी पडली होती ती दर आठवड्याला दिसत होती.

पंचवटी_गनर

फीवर बरंच बोलणं झालं, पण सगळ्यात महागात पडतात ते फुकट आलेले. फी नसली की वाचलेला पैसा एजंट पगारात आणि साइनिंग बोनसमध्ये वळवतो.

अलेक्सिस सांचेझ जानेवारी २०१८ मध्ये मखितारियानच्या बदल्यात युनायटेडला गेला. पगार कुणी साडेतीन लाख छापला, कुणी पाच लाख. फरक कुठून आला? एकानं मूळ पगार धरला, दुसऱ्यानं साइनिंग फी, इमेज राइट्स आणि बोनसही मिळवले. ४५ मॅचमध्ये ५ गोल करून तो आधी लोनवर आणि मग कायमचा इंटरला गेला.

खरं नुकसान त्या पाच गोलांत नव्हतं. एकाचा पगार सगळ्यांच्या वर गेला की पुढच्या दोन वर्षांत ज्यांचे करार संपणार ते सगळे तोच आकडा टेबलावर ठेवतात. टीममधली पगाराची उतरंड मोडली की ती पुन्हा बसवायला कित्येक ट्रान्सफर विंडो जातात.

कॉलेजरोड_रेड

हे पटतंय. मग एक सांगा, महागड्या खेळाडूला स्टेडियममध्ये हुर्यो केली, इथे त्याच्या नावानं मीम टाकले, तर त्यात गैर काय? पगार घेतोय ना? हॅरी मॅग्वायरबद्दल बोलतोय. आणि @ताळेबंद_वाचक, खरे आकडे बघायचे तर कुठे?

इंदिरानगर_सेंटरबॅक

गैर आहे, भाऊ. कारण फी मॅग्वायरनं ठरवली नाही. २०१९ मध्ये लेस्टरनं ८० मिलियन मागितले, युनायटेडनं दिले, आणि ‘जगातला सगळ्यात महाग डिफेंडर’ ही पाटी त्याच्या गळ्यात पडली. त्यातला एक पैसाही पगार म्हणून त्याला मिळत नाही.

खेळाचं बोलायचं तर त्याची ताकद आणि कमजोरी दोन्ही उघड आहेत. हवेतला बॉल, बॉक्समधला ब्लॉक, मागून बॉल घेऊन पुढे येणं यात तो उत्तम. वळायला मात्र हळू. डिफेन्सची लाइन मध्यरेषेजवळ नेली की पाठीमागे चाळीसेक यार्ड मोकळे राहतात, फुलबॅक दोघंही वर गेलेले असतात, आणि वेगवान विंगर त्याच्या खांद्यावरून धावतो. क्लिपमध्ये दिसतो तो मागे पडलेला मॅग्वायर. बॉल गमावणारा मिडफिल्डर आणि लाइन वर ठेवायला सांगणारा कोच फ्रेमच्या बाहेर असतात.

तोच माणूस इंग्लंडच्या खोल बसणाऱ्या डिफेन्समध्ये खेळून युरो २०२० स्पर्धेतल्या सर्वोत्तम अकरा जणांच्या संघात निवडला गेला. जुलै २०२३ मध्ये कर्णधारपद काढून घेतलं, नोव्हेंबरमध्ये तो लीगचा महिन्यातला सर्वोत्तम खेळाडू होता. एप्रिल २०२५ मध्ये लिऑनविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ नं मागे असताना त्याला वर स्ट्रायकरच्या जागी पाठवलं आणि शेवटच्या मिनिटाला त्याच्याच हेडरनं ५-४ झालं.

‘या सिस्टीममध्ये हा बसत नाही’ असं म्हणा, त्यात काहीच वावगं नाही. खराब पासवर चिडा. पण किमतीचा राग माणसावर काढू नका, त्याच्या घरच्यांवर तर मुळीच नाही.

सातपूर_विंगर

सगळे इंग्लंडमध्येच अडकलेत. आपल्याकडे इंडियन सुपर लीगबद्दल ‘आयएसएलवाले कोटी घेतात आणि पास देता येत नाही’ असं सर्रास लिहितात. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार २०२५ मध्ये संपत आला, नवा झाला नाही, मोसम ठरल्या वेळी सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा कळलं की करारावरचा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा यात किती अंतर असतं.

नाशिकमधून कुणी पुढे जाऊन प्रोफेशनल करार करणार असेल तर एक गोष्ट पाठ करून ठेवा. फिफाच्या नियमांत कलम १४ बिस आहे. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला लेखी नोटीस द्यायची, १५ दिवसांची पूर्ण मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. तोंडी तगादा इथे चालत नाही. बोनस, घरभाडं, दुखापतीचा खर्च हेही करारातच लिहून घ्या. ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेली रक्कम नंतर सिद्ध करता येत नाही.

ताळेबंद_वाचक

@कॉलेजरोड_रेड, ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी) साइटवर सगळे ताळेबंद फुकट आहेत. क्लबच्या नावानं शोधा, फाइलिंग हिस्ट्री उघडा आणि ‘ग्रुप अकाउंट्स’ लिहिलेली पीडीएफ घ्या. सगळ्या ग्रुपचा हिशोब मूळ कंपनीच्या नावावर असतो, उदाहरणार्थ आर्सेनल होल्डिंग्ज. आत ‘स्टाफ कॉस्ट्स’ची नोंद शोधा. युनायटेड न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात असल्यानं त्यांचे आकडे दर तिमाहीला येतात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. त्या रकमेत कोच, डॉक्टर, ऑफिसचे लोक सगळेच येतात, त्यामुळे तिला २५ नं भागून ‘सरासरी खेळाडू’ काढू नका. आणि वर्षअखेर सगळ्यांची सारखी नसते: युनायटेडची ३० जूनला, आर्सेनलची ३१ मेला.

मग पगाराला उत्पन्नानं भागा. युनायटेडचं २०२३-२४ चं उत्पन्न ६६१.८ मिलियन, पगार ३६४.७, म्हणजे ५५ टक्के. सिटीचं २०२२-२३ चं ७१२.८ आणि ४२२.९, म्हणजे ५९ टक्के. युएफाची (युरोपच्या फुटबॉल महासंघाची) २०२५-२६ पासूनची ७० टक्क्यांची मर्यादा याच्याशी थेट लावू नका. तिच्यात फक्त खेळाडू आणि कोच यांचा पगार धरतात, पण फीचा वार्षिक हप्ता आणि एजंटचे पैसे मिळवतात.