पीएचपीमायॲडमिन : ४०४ आला म्हणून पुन्हा इन्स्टॉल कशाला?

पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) टाकलं, पण त्याचं पान उघडताना ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतंय अशी एकाची तक्रार आहे; तर सगळं काढून परत टाका, असं त्याला कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटलं. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) इन्स्टॉल होताना मध्येच वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम, कोणता ते विचारणारा पडदा येतो. अपाचे२ वर लाल खूण दिसते आणि आपण सरळ एंटर मारतो. ती खूण म्हणजे नुसता कर्सर! स्पेसबार दाबून कंसात चांदणी (*) उमटली तरच निवड होते; नाहीतर अपाचेला पीएचपीमायॲडमिनचा पत्ताच लागत नाही आणि ४०४ येतो. खानापुरात वाचनालयाच्या सर्व्हरवर मी यात अख्खी संध्याकाळ घालवली, वर पावसामुळे दोनदा लाईट गेली ते वेगळंच. शेवटी 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर पीएचपीमायॲडमिन' हा आदेश चालवून तोच पडदा परत आणला, चांदणी दिली, अपाचे रीस्टार्ट केलं, पान उघडलं.

पुढचा खड्डाही सांगून ठेवतो. पासवर्ड बरोबर असला तरी रूटने (डेटाबेसचा मुख्य यूजर) आत जाता येत नाही, कारण उबुंटूत मायएसक्यूएल (मागचा डेटाबेस प्रोग्रॅम) ५.७ पासून रूटला पासवर्डऐवजी ऑथ-सॉकेट, म्हणजे उबुंटूच्या लॉगिनवरून ओळख पटवणं, लागतं. रूटला हात लावू नका. टर्मिनलमधून आपल्याला लागेल तेवढ्याच डेटाबेसचे हक्क देऊन वेगळा यूजर करा. आमच्या यादीत मराठी-कन्नड दोन्ही पुस्तकं, म्हणून डेटाबेस करतानाच यूटीएफ८एमबी४ (दोन्ही लिप्या नीट साठवणारं अक्षर-एन्कोडिंग) निवडलं.