घरच्या कोर्टवर हरलो म्हणून फक्त पळवायचं?

बेसलाइन_पुणे
कॉलेजच्या बास्केटबॉल टीमबद्दलची ती पोस्ट आज सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. 'आपल्याच कोर्टवर नवख्या टीमकडून हार. पोरांना माज आलाय. पंधरा दिवस बॉलला हात लावू देऊ नका, दोन वेळ नुसतं पळवा.' कोच सरही त्याच वाटेने निघालेत असं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅच पाच पॉइंटने गेली. समोरच्यांनी दुसऱ्या क्वार्टरला २-३ झोन (पुढे दोघे, रिंगजवळ तिघे, माणूस न धरता जागा राखायची) लावला तो शेवटपर्यंत काढलाच नाही. आपण काय केलं? बॉल बाहेरच्या बाहेर डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. शॉट क्लॉकवर (शॉट मारायच्या चोवीस सेकंदांच्या घड्याळावर) सहा सेकंद उरले की ज्याच्या हातात बॉल, त्याने थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा लांबचा शॉट, फेकायचा. हे पळून कसं सुधारणार?

२-३ झोनची दुखरी जागा म्हणजे फ्री थ्रो लाइनचा मध्य. तिथे एक जण रिंगकडे तोंड करून बॉल घेतो तेव्हा मधला डिफेंडर कोंडीत सापडतो. तो पुढे आला तर बेसलाइनला शॉर्ट कॉर्नरमध्ये (रिंग आणि कोपरा यांच्या मधे) पास. नाही आला तर तिथूनच जंप शॉट. कडेचे दोघे आत ओढले गेले तर कोपऱ्यातला शूटर मोकळा. आपला सेंटर मात्र सगळा वेळ रिंगखाली पाठ लावून, हात वर करून उभा. तिथे त्याच्यामागे एक आणि पुढे एक होता, बॉल पोचणार कसा? अर्धा कोर्ट, पाचास पाच, रोज बारा मिनिटं खेळवा. नियम एकच: हाय पोस्टला, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या त्या मध्यावर, बॉल गेल्याशिवाय शॉट नाही.

नदीपलीकडचा
फळ्यावर आकृती काढायला हे छान आहे. चौथ्या क्वार्टरमधले शॉट पाहिलेत का? एकेक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागत होता. डावी-उजवीकडे गेला तर हात चुकला म्हणा, पण आखूड पडतो तेव्हा पाय संपलेले असतात. हाय पोस्टला कट मारायचा तोही पायांनीच ना? आणि रिबाऊंड, म्हणजे हुकलेला शॉट परत पकडणं? झोनमध्ये प्रत्येकाला बॉक्स आउट करायला (अंगाने अडवून रिंगपासून दूर ठेवायला) ठरलेला माणूस नसतो, म्हणजे ऑफेन्सला दुसरी संधी सहज मिळायला हवी. आपला एकही जण उलट्या बाजूने आत घुसत नव्हता. सगळे कमरेवर हात ठेवून बघत होते. पळवा म्हणणारा माणूस मूर्ख नाही.

बेसलाइन_पुणे
पाय गेले होते, एवढं मानावं लागेल. पण का गेले? यादीत बारा जण, खेळले सात. ४० मिनिटांच्या मॅचमध्ये पहिले पाच जवळपास पूर्ण वेळ कोर्टवर. आणि ग्राउंडला वीस फेऱ्या हा त्यावर उपाय नव्हे. बास्केटबॉलला एकदम सुटणं, थांबणं, वळणं लागतं. २८ मीटरच्या कोर्टवर बेसलाइन ते बेसलाइन दोन वेळा जाऊन-येऊन, धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो. असे पाच राउंड. जेवढ्याने हरलो त्याहून जास्त फ्री थ्रो आपण हुकवले. निवांत उभं राहून शंभर मारणाऱ्या पोराला दमल्यावर मारायची सवय कशी लागेल?

तिसरा_क्वार्टर
पाय का गेले हे कोणीच सरळ बोलत नाही, म्हणून मी बोलतो. ढोल पथक. गणपतीच्या आधी दीड महिना संध्याकाळी सहा ते नऊ नदीपात्रात सराव, आणि आमची प्रॅक्टिसही नेमकी सहाला. पहिल्या पाचातले दोघे पथकात. ढोल कमरेला बांधून तासन् तास उभं राहिलं की कंबर आणि पोटऱ्या भरतात. त्याहून वाईट म्हणजे बोटं. टिपरू धरून तर्जनी आणि मधल्या बोटाला फोड येतात, त्यावर चिकटपट्टी. शॉट सुटताना बॉल शेवटी याच दोन बोटांवरून जातो. पट्टीवरून बॉलचा अंदाज येत नाही, फिरकी कमी पडते आणि बॉल रिंगवर मऊ न बसता उडतो. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि त्याच आठवड्यात मॅच. टीममध्ये यायचं तर पथक सोडा, एवढं सरांनी जूनमध्येच सांगायला हवं.

ताशाचा_गजर
आला का पथकावर राग! वर्षभर जिथे तिथे हेच. वाहतूक अडली, पथक. टीम हरली, पथक. अहो, जुलै-ऑगस्टमध्ये तुमची प्रॅक्टिस झाली तरी किती? उघडं कोर्ट, त्यात उत्तरेकडच्या रिंगखाली पाणी साचतं, कडेला शेवाळ. रिंगसमोरच्या चौकोनात ॲक्रिलिकचा थर पापुद्र्यासारखा सुटलाय. पाऊस आला की प्रॅक्टिस रद्द एवढा मेसेज येतो, पर्यायी जागा कधीच नाही. मग पोरं पथकात नाही जाणार तर काय घरी बसणार? पथकात निदान वेळेवर यावं लागतं. एकाची थाप चुकली तर सगळ्या ओळीला कळतं.

तिसरा_क्वार्टर
विषय शिस्तीचा नाही, शरीराच्या हिशेबाचा आहे. आणि पावसात कोर्ट बंद म्हणजे सगळं बंद का? बॉल हँडलिंग जिन्याखाली होतं. भिंतीवर चेस्ट पास होतात. झोनमध्ये कोणी कुठे सरकायचं ते वर्गात बाकं सरकवून चालत-चालत शिकवता येतं.

ताशाचा_गजर
मग हे सरांना सांगा, आमच्या पोरांना नको. फोडांचं खरं आहे, तेवढं मी नाकारत नाही. पण पट्टी काढून, बोटं कोरडी करून चार दिवस आधी वादन थांबवलं तर फोड सुकतो. दोघांशी आधी बोलला असता तर थांबले असते. तसं कोणी बोललं नाही, आणि आता हरल्यावर सगळे बोलतायत.

नदीपलीकडचा
कोर्टचं निघालंच आहे तर बॉलचंही लिहितो. प्रॅक्टिसला गुळगुळीत झालेले रबरी बॉल आणि मॅचला नवा कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा). हवा भरताना अंगठ्याने दाबून 'झालं' म्हणतात. अहो, बॉलवर ७ ते ९ पीएसआय छापलेलं असतं, साध्या गेजने मोजता येतं. जास्त हवेचा बॉल रिंगवरून लांब उडतो आणि आपले उंच खेळाडू जवळच उभे राहतात.

चोवीसचा_काटा
ढोल, शेवाळ, हवा सगळं झालं. शेवटची दोन मिनिटं कोणी पाहिली का? दुसऱ्या हाफचे तिन्ही टाइमआउट सरांनी राखून ठेवले. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात, म्हणजे एक आपोआप गेला. आणि उरलेल्यातला एकही बॉल पुढे न्यायला वापरला नाही. त्या वेळी आपला बॉल मागच्या कोर्टात असताना टाइमआउट घेतला तर थ्रो-इन पुढच्या भागातून करता येतो, क्लॉक जास्तीत जास्त १४ सेकंदांचा. आपण प्रेसमधून (पूर्ण कोर्टभर अंगावर येणाऱ्या डिफेन्समधून) बॉल वर आणत बसलो आणि एकदा अर्धा कोर्ट ओलांडायचे आठ सेकंद उलटून बॉल गमावला. वर समोरच्यांचे त्या क्वार्टरचे चार फाउल भरलेले होते. पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात. तिथे आत घुसायचं सोडून थ्री मारले. यात पोरांचा माज कुठे आला?

नदीपलीकडचा
टाइमआउटचा मुद्दा बरोबर आहे. पळवण्यावर मी ठाम आहे, पण बॉल काढून घेऊ नका, एवढं मलाही पटतं.

तिसरा_क्वार्टर
पथकाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

बेसलाइन_पुणे
नको बदलूस. पुढची मॅच बाहेरच्या कोर्टवर आहे, तिथेही झोनच लावणार, कारण ही मॅच त्यांनी पाहिलेली असणार. प्रॅक्टिसला आपल्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ नसतं. उद्या सकाळी साडेसहाला एक जण स्टॉपवॉच घेऊन साइडलाइनला उभा राहील. १४ उरले की एकदा, ५ उरले की दोनदा ओरडायचं. सेंटरला रिंगखालून काढून फ्री थ्रो लाइनवर आणायचं काम सरांचं. स्टॉपवॉच कोण आणतंय?

ताशाचा_गजर
मी आणतो. त्या दोघांनाही घेऊन येतो.