मदत हवी आहे: कार्ब्युरेटरच्या कॉन्टेसासाठी भरवशाची पेट्रोल लाईन (पुणे)

नमस्कार मंडळी,

घरी बाबांची कॉन्टेसा क्लासिक १.८ आहे, इसुझूचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटरवाली. इंजिनाचं काम नुकतंच झालंय, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, करंटची बाजूही तपासून झाली. अडकलंय ते फक्त पेट्रोलपाशी, आणि ते आता एकदाच पक्कं करायचंय. ही गाडी मला शोसाठी ठेवायची नाही, हिच्यातून घरच्यांना घेऊन कोल्हापूरला जायचंय.

सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. हायवेला ८०-९० वर तासन्‌तास तक्रार नाही. पण दुपारच्या उन्हात खंबाटकी चढताना किंवा कात्रज चौकात सिग्नलला रखडली की आधी मिसिंग, मग झटके, मग बंद. एसी पंपावर (इंजिनावरून चालणारा डायफ्रॅमचा यांत्रिक पेट्रोल पंप) ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की परत सुरू. बंद पडल्यावर लगेच बॉनेट उघडून पाहिलं, तर पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा आणि त्यात बारीक बुडबुडे. तळाला विटकरी रंगाची भुकटीही साचली होती. म्हणजे दुखणी दोन आहेत: लाईनमध्ये पेट्रोलची वाफ होतेय आणि टाकी आतून गंजलीय.

वाफेचं कारण माझ्या मते असं. एसी पंप इंजिनाला चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना लाईनमधला दाब कमी होतो, दाब कमी की उकळणं सोपं, त्यात पंप स्वतःच तापलेला. ओढण्याऐवजी टाकीजवळून ढकललं तर लाईनभर दाब राहील. शिवाय कार्ब्युरेटरकडून टाकीकडे जाणारी रिटर्न लाईन आधीच्या कुणीतरी बूच मारून बंद करून टाकलीय. ती चालू असती तर पेट्रोल फिरत राहिलं असतं आणि वाफ परत टाकीत गेली असती.

आमचे मेस्त्री हाताचे फार चांगले आहेत, पण त्यांचं म्हणणं, ‘साहेब, एमपीएफआयचा पंप टाका, विषय संपला.’ म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांचा. हे मला पटत नाही. इंजेक्शनचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे ४० पीएसआयच्या वर. कार्ब्युरेटरची फ्लोट निडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) ३-४ पीएसआयची धनी. ती उचलली जाणार, पेट्रोल ओसंडून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणार. आग लागायला आणखी काय हवं?

आणि एवढा मोठा पंप लागतोच कुठे? इंजिन ८८ हॉर्सपॉवरचं. पूर्ण ताकद लावली तरी ताशी २७-२८ लिटरच्या पुढे पेट्रोल जात नाही. ताशी ७०-८० लिटरचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, रिटर्नचा वाटा धरूनही, पुरून उरेल.

म्हणून मनात आहे ते असं: टाकी उतरवून आतून साफ, टाकीनंतर जाड गाळणी (१०० मायक्रॉन), मग टाकीच्या शक्य तितक्या जवळ आणि पेट्रोलच्या पातळीखाली रबरी बुशवर बसवलेला पंप, पुढे ४० मायक्रॉनचा फिल्टर, कार्ब्युरेटरपाशी रिटर्नवाला रेग्युलेटर, आणि रिटर्न पुन्हा टाकीत. लाईन स्टीलची, सायलेन्सरपासून लांबून. तांब्याची नळी नको, थरथरीने ती कडक होऊन चिरते. पंपाचा करंट रिलेमधून आणि ऑइल प्रेशर स्विचमधून, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. अपघात झाला आणि चावी चालूच राहिली, तर मागे पंप पेट्रोल ओतत बसता कामा नये. यात मी तडजोड करणार नाही, खर्च कितीही होवो.

होजचा, म्हणजे रबरी नळ्यांचा, प्रश्न वेगळाच. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतंय. जुना होज उभा चिरून आतून बोट फिरवलं तर बोटाला काजळीसारखं काळं रबर लागलं. हेच जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसणार. त्यामुळे एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या होजचं मानक) छापलेलेच होज घ्यायचं ठरवलंय, निडलही व्हिटॉन (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाची. कृपा करून ‘१०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घाला’ असं सुचवू नका. कराडच्या पुढे जो पंप दिसेल तिथलं पेट्रोल या गाडीला चाललं पाहिजे.

आता जाणकारांना विचारायचंय ते हे. एसी पंप काढून तोंडाला प्लेट मारावी, की इलेक्ट्रिक पंप त्याच्यामागे मदतनीस म्हणून ठेवावा? मला काढून टाकणंच बरं वाटतं, कारण डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पण ज्यांनी दोन्ही ठेवून घाट चढलेत त्यांचा अनुभव ऐकायचाय. सेल्फ मारताना ऑइल प्रेशर नसतं, तेव्हा पंपाला करंट सेल्फच्या वायरीवरून देताय की वेगळं बटण? ई२० वर मुख्य जेट किती वाढवला? हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं, म्हणजे आहे त्या जेटवर मिश्रण पातळ पडणार. आणि उष्णता अडवायला कार्ब्युरेटरखाली जाड बेकेलाइटचं पॅकिंग घातल्यावर बॉनेट नीट बसतं का?

टाकीला आतून कोटिंग करावं की नाही यावर मेस्त्री आणि मी दोघंही अडलोय. इथेनॉलमध्ये ते सुटून पापुद्रे आले तर आजच्यापेक्षा वाईट. कुणाचं कोटिंग ई२० वर दोन पावसाळे टिकलं असेल तर जरूर लिहा.

नाना पेठेत पंप आणि रिले मिळून जाईल. स्टीलची नळी मोजमापाने वाकवून फ्लेअर करून देणारं वर्कशॉप भोसरी किंवा चिंचवडकडे माहीत असेल तर सांगा. गाडी सध्या जॅकवर आहे, टाकी या शनिवारी उतरवतोय.