घोस्ट चौथ्या वळणावर भिंतीत जातो, आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे

कच्चा_धागा:
भविष्यातल्या आभासी शर्यतींचा गेम आहे. नायक रेसरला आपण कुठून आलो हेच आठवत नाही. ट्रॅकवर त्याला एक अनोळखी घोस्ट (आधीचा साठवलेला लॅप पुन्हा चालवणारी गाडी) दिसत राहतो, तो शेवटी त्याचाच पहिला लॅप निघतो. घोस्टसाठी फक्त इनपुट (थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग) साठवून गेमच्या फिजिक्समधून (गाडीच्या हालचालीच्या हिशोबातून) पुन्हा चालवतोय. टाइमस्टेप (त्या हिशोबाच्या दोन पायऱ्यांमधली वेळ) 0.02 सेकंद, कमाल वेग ताशी 900 किमी, लॅप 90 सेकंदांचा. पीसीवर रेकॉर्ड केलेला घोस्ट फोनवर भिंतीवर आदळतो. शिवाय रहस्य उलगडायला कटसीन (खेळ थांबवून दाखवलेली दृश्यं) नको आहेत.

वळणवेडा:
इनपुट रीप्लेला फिजिक्स बिटन्‌बिट सारखं लागतं. प्रोसेसर किंवा कंपायलर बदलला की फ्लोटच्या (दशांश संख्येच्या) शेवटच्या अंकात फरक पडतो आणि पुढे तो वाढतच जातो. इनपुट ठेवा, पण तुलनेपुरतं. घोस्ट हलवायचा तो साठवलेल्या स्थितीवरून.

दर दुसऱ्या टिकला (टाइमस्टेपला) ती नोंदवा, म्हणजे सेकंदाला 25 नोंदी. स्थान 12 बाइट, क्वाटर्नियन (गाडीचं तोंड कुठे वळलंय ते सांगणारे चार आकडे) 16, वेग 12, इनपुट 3, मिळून 43. लॅपला 2250 नोंदी, साधारण 97 हजार बाइट. एवढ्यासाठी कॉम्प्रेशनच्या नादी लागू नका.

सेकंदाला 10 नोंदींवर भागवू नका. 900 च्या वेगाला दोन नोंदींत 25 मीटर जातात, आणि सरळ रेषेने जोडलं तर 150 मीटर त्रिज्येच्या वळणावर घोस्ट अर्धा मीटर आत घुसतो. 25 नोंदींना हीच चूक 8 सेंटिमीटर. वेग साठवलेलाच आहे, तर हर्माइट इंटरपोलेशन (दोन नोंदी त्यांच्या वेगानुसार वक्र रेषेने जोडणं) वापरा, तीही दिसणार नाही.

दोन खड्डे: लागोपाठच्या क्वाटर्नियनचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) ऋण आला तर एकाची चिन्हं उलटवा, नाहीतर घोस्ट लांबच्या बाजूने गिरकी घेतो. आणि रीस्पॉनच्या (आदळल्यावर गाडी पुन्हा ट्रॅकवर ठेवली जाते त्या) नोंदीला फ्लॅग, म्हणजे खूण, लावा. तिथे इंटरपोलेशन केलं की घोस्ट ट्रॅकवरून तरंगत जातो.

संथ_गिअर:
रहस्यासाठी घोस्टचा लॅप तुम्ही स्वतः चालवून ठेवू नका. खेळाडूचा ट्यूटोरियलमधला पहिला लॅप गुपचूप साठवा. नायकाचं विसरलेलं मूळ म्हणजे खेळाडूचंच अडखळतं ड्रायव्हिंग! उशिरा ब्रेक मारायची सवय पुष्कळदा टिकते, ती ओळखू येते.

तुलना वेळेवर नको, ट्रॅकच्या मध्यरेषेवरच्या अंतरावर करा. एका वळणाला उशीर झाला की वेळेचा आलेख पुढे सगळीकडे सरकतो. ब्रेक सुरू होण्याची जागा सलग तीन वळणांवर 8 मीटरच्या आत जुळली की एक आठवण उघडा. पाच लॅप जुळलं नाही तर मर्यादा 15 मीटर करा, नाहीतर कच्चा खेळाडू कायमचा अडकेल.

आठवणीचं वाक्य वळणात नको. चार सेकंदांचं वाक्य म्हणजे कमाल वेगाला एक किलोमीटर. तेवढी सरळ पट्टी असेल तिथेच.

कच्चा_धागा:
आणि नंतरच्या अपडेटमध्ये ट्रॅक बदलला तर?

वळणवेडा:
फाइलच्या सुरुवातीला फॉरमॅटची आवृत्ती आणि ट्रॅकचा हॅश (ट्रॅकच्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) ठेवा. हॅश जुळला नाही तर जुना ट्रॅकच लोड करा, त्या एका दृश्यापुरता. पहिल्या लॅपचा सेव्हच पुसला गेला असेल तर दुसऱ्या शर्यतीचा लॅप घ्या. म्हणून तोही पहिल्यापासून साठवत चला. घोस्टचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) मात्र आधी काढा.